नखं न वाढवणारा गिटार मास्तर

आजच्या भागाची सुरुवात एका अशा सुरावटीने करतो, जी तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. नव्वदच्या दशकात नोकियाचा फोन खिशात वाजला की जी धून यायची, ती. ही धून कुठल्या संगणक कारखान्यात तयार झाली नव्हती. फ्रान्सिस्को तार्रेगा नावाच्या स्पॅनिश गिटारवादकाच्या ‘ग्रान वाल्स’ या 1902 सालच्या रचनेतला तो एक छोटा तुकडा आहे. रचनाकार वारला 1909 मध्ये.

तार्रेगाबद्दल बोलायचं तर दोन भाग लागतील. आज मी बोलणार आहे त्याच्या एका शिष्याबद्दल, कारण तार्रेगा गिटार कशी शिकवायचा हे आज जगाला माहीत आहे ते बऱ्याच अंशी या शिष्यामुळे. त्याचं नाव एमिली पुजॉल. आता ‘एमिली’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे शाळेतली एखादी मुलगी येते. पण कातालान भाषेत हे पुरुषाचं नाव आहे. स्पॅनिशमध्ये त्याचंच ‘एमिलियो’ होतं आणि जुन्या पुस्तकांवर, तबकड्यांवर तेच छापलेलं दिसेल. आडनावाचा उच्चार कातालानमध्ये साधारण ‘पुझॉल’ आणि स्पॅनिशमध्ये ‘पुखोल’. मी आपला सोयीसाठी पुजॉल म्हणतो. दर नव्या ऑफिसात आपल्या नावाचा वेगळा उच्चार ऐकणाऱ्या मंडळींना यात नवल वाटणार नाही.

पुजॉलचा जन्म 7 एप्रिल 1886 चा. गाव ला ग्रानादेया, कातालोनियाच्या लेइदा प्रांतात. हा ऑलिव्हच्या बागांचा कोरडा मुलूख, बार्सिलोनाच्या समुद्रापासून आत. लहानपणी तो बांदुरिया वाजवायचा. बांदुरिया म्हणजे मँडोलिनच्या कुळातलं एक छोटं वाद्य. 1902 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो बार्सिलोनाला तार्रेगाकडे शिकायला आला आणि तिथून पुढे त्याच्या आयुष्याला एकच दिशा राहिली.

तार्रेगा कसा होता हे थोडं सांगायला हवं. मोठमोठ्या सभागृहांची त्याला ओढ नव्हती. घरी, चार मित्र आणि शिष्य बसलेले, अशा बैठकीत तो खुलायचा. पियानोसाठी लिहिलेल्या आल्बेनिसच्या किंवा शोपँच्या रचना गिटारवर उतरवायचा. शिकवायचा तो समोर बसवून, हात दाखवून. गिटार शिकण्याचं पाठ्यपुस्तक असं त्याने एकही लिहिलं नाही. 1906 मध्ये पक्षाघाताने त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि 15 डिसेंबर 1909 ला बार्सिलोनातच तो गेला. वय 57.

आता विचार करा. एक माणूस एका वाद्याचं सगळं तंत्र बदलून टाकतो. बसायचं कसं, डावा पाय चौरंगावर ठेवून वाद्य कुठे टेकवायचं, बोट तारेवरून कसं न्यायचं, हे सगळं. आणि हे ज्ञान कुठे आहे? पाच-सहा शिष्यांच्या हातात. माझ्या धंद्यात याला मोठी जोखीम म्हणतात. एखादा जुना माणूस नोकरी सोडतो आणि मग कळतं की बिलिंगची ती यंत्रणा नक्की कशी चालते ते त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही मग घाईघाईने त्याला बसवून दोन आठवड्यांत सगळं लिहून घेतो. पुजॉलला हे काम करायला चाळीसएक वर्षं लागली आणि त्याने ते एकट्याने केलं.

त्या पुस्तकाचं नाव ‘एस्कुएला राथोनादा दे ला गितार्रा’. मराठीत सांगायचं तर ‘गिटारचा सकारण अभ्यासक्रम’. पहिला भाग 1934 मध्ये निघाला, त्याला प्रस्तावना मान्युएल दे फाया या थोर स्पॅनिश संगीतकाराची. चौथा भाग आला 1971 मध्ये, तेव्हा पुजॉल 85 वर्षांचा होता. यातला ‘राथोनादा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आधी कारण, मग कृती. तार कशाची असते, ती कंप पावते म्हणजे काय होतं, पुलाजवळ छेडली तर आवाज पातळ का होतो आणि मध्यावर छेडली तर गोल का, हे आधी. बोटं चालवायची ती नंतर.

हे ऐकताना मला आपले पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवतात. वाळकेश्वरात जन्मलेला वकील माणूस, गावोगाव फिरून घराण्यांच्या बंदिशी गोळा करतो, त्या लिहिता याव्यात म्हणून स्वरलिपी बसवतो आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग तयार करतो, तेही मूळ मराठीत. दोघांचा काही संबंध नाही, दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. पण अडचण एकच होती: गुरूच्या गळ्यात किंवा हातात असलेली विद्या कागदावर आणायची आणि ती आणताना मरू द्यायची नाही. एक फरकही आहे. भातखंड्यांना अनेक घराण्यांकडून गोळा करायचं होतं, पुजॉलला एकाच गुरूचं जपायचं होतं. माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड, कारण त्यात भक्ती आडवी येते.

आणि भक्ती आडवी आली ती नखांच्या प्रश्नावर.

इथे थांबून आपण पुजॉलची एक छोटी रचना ऐकू, ‘एल आबेखोर्रो’. नावाचा अर्थ भुंगा. बोटं सतत गुणगुणत राहतात आणि त्यातून एक सूर वर येतो. शिकणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे, पण मैफलीतही वाजवतात.

(संगीत)

तर नखं. गेल्या महिन्यात आपल्या एका श्रोत्या ताईंचा निरोप आला होता. मुलगी तेरा वर्षांची, गिटारच्या चार ग्रेड झाल्या आहेत. सर म्हणतात, आता उजव्या हाताची नखं वाढव. आणि ती शाळेच्या नेटबॉल संघात आहे, तिथे नखं वाढलेली दिसली की मैदानात उतरू देत नाहीत. ताई विचारत होत्या की मग गिटार सोडावी का, कारण मुलीच्या मनाने घेतलं आहे की नखांशिवाय वाजवणं म्हणजे कच्चं, मुलांचं वाजवणं. ताई, आजचा हा भाग तुमच्या लेकीसाठी समजा.

हा वाद नेटबॉलपेक्षा पुष्कळ जुना आहे. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये दोन स्पॅनिश गिटारवादक एकाच निवासात राहायचे. एक फेर्नांदो सोर. हा बार्सिलोनाचा, 1778 चा जन्म, मोन्सेरातच्या मठात संगीत शिकलेला. दुसरा माद्रिदचा दियोनिसियो आग्वादो. सोर बोटाच्या मांसल टोकाने वाजवायचा, आग्वादो नखांनी. सोरला नखांचा आवाज सहन होत नसे आणि त्याने आपल्या 1830 सालच्या पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंही. फक्त आग्वादोच्या हाताला सूट दिली. दोघांची मैत्री एवढी घट्ट की सोरने दोघांनी मिळून वाजवायची एक रचना लिहिली आणि तिचं नावच ठेवलं ‘दोन मित्र’. मतभेद कसे सांभाळावेत हे आपल्या मंडळांच्या कार्यकारिणीने या दोघांकडून शिकावं, असं मला अधूनमधून वाटतं.

आवाजात नेमका काय फरक पडतो? तार छेडली की एकच सूर निघत नाही. मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर निघतात. हे वरचे सूर जितके जास्त, तितका आवाज लखलखीत आणि धारदार. नखाची कड कठीण आणि अरुंद असते, ती तार एकदम सोडते, त्यामुळे वरचे सूर भरपूर निघतात. बोटाचं टोक मऊ आणि रुंद असतं. तार त्यावरून घसरत सुटते आणि वरचे बारीक सूर तिथेच दबतात. राहतो तो गोल, दाट, थोडा अंधुक आवाज. तानपुरा आपण बोटाच्या मांसाने छेडतो आणि सतार मिजराबीने, हा फरक कानात आणा म्हणजे झालं. आपल्याकडे सरोदवाल्यांमध्येही असाच भेद आहे, फक्त डाव्या हाताचा: काही जण तार नखाने दाबून मींड घेतात, काही बोटाच्या टोकाने. जाणकार ऐकताक्षणी ओळखतात.

तार्रेगाने आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत नखं काढून टाकली. म्हणजे पुजॉल त्याच्याकडे आला तेव्हा गुरू या नव्या आवाजाच्या शोधात होता. सोळा वर्षांच्या मुलाच्या कानात तो आवाज बसला आणि कायमचा बसला. पुढे पुजॉलने या विषयावर एक वेगळं छोटं पुस्तकच लिहिलं, ‘एल दिलेमा देल सोनिदो एन ला गितार्रा’, गिटारच्या आवाजाचा पेच. गंमत म्हणजे त्यात तो नखवाल्यांना चुकीचं ठरवत नाही. त्याचं म्हणणं असं की हा प्रश्न कोण बरोबर आणि कोण चूक असा नाहीच. तुम्हाला वाद्यातून काय ऐकायचं आहे, तुमची वृत्ती काय, यावर तो ठरतो. स्वतःचं उत्तर त्याने मात्र बदललं नाही.

त्या उत्तराची किंमतही पुजॉलने मोजली. तार्रेगाचाच मोठा शिष्य मिगेल योबेत, बार्सिलोनाचाच, नखांनी वाजवायचा. आणि मग आला आंद्रेस सेगोव्हिया. पुजॉलपेक्षा सात वर्षांनी लहान, आंदालुसियाचा, नखं आणि मांस दोन्हींचा मेळ घालून वाजवणारा. सेगोव्हियाला गिटार मोठ्या सभागृहात न्यायची होती, जिथे पियानो आणि व्हायोलिनच्या मैफली होतात. तिथे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर धार हवीच. दुसऱ्या महायुद्धानंतर आतड्याच्या तारा जाऊन नायलॉनच्या आल्या. आतड्याच्या तारेला किंचित खरखरीतपणा असतो, मांसल बोट तिला पकडू शकतं. नायलॉन गुळगुळीत. जग सेगोव्हियाच्या बाजूने गेलं आणि मला विचाराल तर त्या सभागृहांसाठी तेच योग्य होतं. दोन हजार लोकांत तार्रेगाचा आवाज नेणं म्हणजे अंगणात म्हटलेली ओवी शिवाजी पार्कवर ऐकवण्यासारखं झालं असतं.

पुजॉल मैफली करत नव्हता असं मात्र नाही. 1912 मध्ये तो लंडनच्या बेकस्टाइन हॉलमध्ये वाजवून गेला. लंडनकर श्रोत्यांनो, हा हॉल तुम्हाला माहीत आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव नको म्हणून ते बदललं आणि आज त्याला विग्मोर हॉल म्हणतात. 1918 नंतर तो दक्षिण अमेरिकेत गेला. 1922 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये त्याने फायाची ‘ओमेनाखे’ वाजवली. देब्युसीच्या स्मरणार्थ लिहिलेली ही चार मिनिटांच्या आतली रचना म्हणजे फायाने गिटारसाठी लिहिलेलं एकमेव काम. 1923 मध्ये त्याने मातिल्दे कुएर्वास हिच्याशी लग्न केलं. ती फ्लामेंको वाजवणारी, आंदालुसियाची, म्हणजे सूर आणि संस्कार दोन्ही वेगळे. दोघं मिळून दोन गिटारांच्या मैफली करायची. फायाच्या ‘ला विदा ब्रेव्हे’ या ऑपेरातल्या स्पॅनिश नृत्याची पुजॉलने दोन गिटारांसाठी केलेली मांडणी आजही वाजते. मातिल्दे 1956 मध्ये गेली.

पण खरी कथा सुरू होते ती एका संग्रहालयात.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये विहुएला नावाचं वाद्य होतं. दिसायला गिटारसारखं, कमरेत बारीक, पण तारा सहा जोड्यांत आणि स्वर लावण्याची पद्धत ल्यूटसारखी. राजेरजवाड्यांकडे, सुशिक्षित घरांत हेच वाद्य. 1536 ते 1576 या चाळीस वर्षांत विहुएलासाठी सात पुस्तकं छापली गेली: मिलान, नार्व्हाएस, मुदार्रा, व्हाल्देर्राबानो, पिसादोर, फुएन्याना, दासा. मग वाद्य मागे पडलं, आणि असं मागे पडलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संगीत आहे, पुस्तकं आहेत, पण ज्यावर वाजवायचं ते वाद्य कोणी पाहिलेलंच नाही. एखाद्या जुन्या फाइलीसारखं: फाइल आहे, उघडणारा प्रोग्रॅम नाही.

पुजॉल वर्षानुवर्षं युरोपातल्या ग्रंथालयांत ही पुस्तकं उतरवून घेत होता. आणि तिसाच्या दशकात त्याला पॅरिसच्या झाकमार-आंद्रे संग्रहालयात एक वाद्य सापडलं. मोठ्या आकाराचं, लाकडाच्या असंख्य छोट्या तुकड्यांनी जोडकाम केलेलं, डोक्यावर ‘ग्वादालुपे’ असा छाप. ती विहुएला होती. त्याने बार्सिलोनाच्या मिगेल सिम्प्लिसियो या कारागिराकडून तिची प्रतिकृती करून घेतली आणि 1936 मध्ये बार्सिलोनात भरलेल्या संगीतशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जुनं संगीत त्यावर वाजवून दाखवलं. तो एप्रिल महिना होता. जुलैत स्पेनचं यादवी युद्ध सुरू झालं.

आता ही पुस्तकं वाचायची कशी, हे सांगतो, कारण घरातली गिटारवाली पोरं इथे कान टवकारतील. ती नेहमीच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत नाहीत, टॅबमध्ये आहेत. हो, इंटरनेटवर गाण्यांचे मिळतात तेच टॅब. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा, रेघेवर आकडा म्हणजे कितवा पडदा, शून्य म्हणजे मोकळी तार. पाचशे वर्षांपूर्वीही हेच. फक्त बहुतेक पुस्तकांत सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात खर्जाची तार, आजच्या उलट. एकटा मिलान आजच्यासारखं लिहितो.

मग अडचण काय? टॅब सांगतं बोट कुठे ठेवायचं आणि पुढचा सूर कधी सुरू करायचा. पण आधीचा सूर किती वेळ घुमत राहू द्यायचा, ते सांगत नाही. आणि हे संगीत म्हणजे एकाच वाद्यावर दोन-तीन गळे एकदम गायल्यासारखं आहे. खालचा आवाज एक सूर धरून आहे, मधला चालतो आहे, वरचा थांबून उत्तर देतो आहे. कागदावर मात्र एकामागून एक नुसते आकडे. कुठला आकडा कुठल्या गळ्याचा, हे उतरवणाऱ्याने संगीत समजून ठरवायचं. जुन्या मोडी दस्तात शब्द तोडून लिहिलेले नसतात, वाचणाऱ्याला विषय माहीत असेल तरच ओळ लागते, तसंच हे.

पुजॉलने हे काम तीन संपूर्ण पुस्तकांसाठी केलं. नार्व्हाएसचं 1945 मध्ये निघालं, मुदार्राचं 1949 मध्ये आणि व्हाल्देर्राबानोचं 1965 मध्ये, तिन्ही बार्सिलोनाहून, स्पॅनिश संगीताच्या स्मारकग्रंथांच्या मालेत. आज गिटारच्या मैफलीत सुरुवातीला नार्व्हाएसची ‘ग्वार्दामे लास व्हाकास’वरची रूपं ऐकू येतात. एका लोकप्रिय चालीला पुन्हा पुन्हा नव्याने सजवायचं, असा छापील स्वरूपातला हा अगदी सुरुवातीचा नमुना. चालीचा अर्थ ‘माझ्या गायी राख’! हे संगीत पुन्हा वाजू लागलं त्यात पुजॉलच्या या आवृत्त्यांचा मोठा वाटा आहे.

मुदार्राची एक गंमत सांगतो. लुदोविको नावाच्या हार्पवादकाची नक्कल करणारी त्याची एक फांतासिया आहे. शेवटाकडे त्यात चक्क बेसूर वाटणारे सूर येतात, आणि मुदार्राने 1546 च्या छापील पुस्तकातच तिथे सूचना घातली आहे की हे असेच आहेत, नीट वाजवले तर वाईट लागणार नाहीत. चारशे वर्षांनी येणाऱ्या संपादकाने चूक समजून दुरुस्त करू नये, याची सोयच केली म्हणा ना.

घरी करून बघायचं असेल तर सोपं आहे. साध्या गिटारची तिसरी तार अर्धा स्वर उतरवा, जी वरून एफ शार्पवर. झालं, तारांमधलं अंतर विहुएलासारखं. आता जुनं टॅब वाचता येईल. आवाज आणखी जवळ आणायचा असेल तर तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावा.

चला, आता मुदार्राची तीच फांतासिया. बेसूर येतात तिथे रेडिओ बिघडला असं समजू नका.

(संगीत)

1946 पासून 1969 पर्यंत पुजॉलने लिस्बनच्या संगीत विद्यालयात शिकवलं. तेवीस वर्षं. तिथेच 1960 मध्ये त्याने तार्रेगाचं चरित्र प्रसिद्ध केलं. गुरू जाऊन एकावन्न वर्षं झाली होती. पन्नाशीच्या दशकात इटलीत सिएनाच्या किजियाना अकादमीत तो विहुएला शिकवायचा. मातिल्देच्या निधनानंतर काही वर्षांनी त्याने मारिया आदेलाइद रोबेर्त या पोर्तुगीज बाईंशी लग्न केलं. आणि 1965 पासून दहाएक वर्षं आपल्याच लेइदा प्रांतात, पुढे सेर्वेरा गावी, तो उन्हाळी वर्ग घेत होता. विषय तीन: गिटार, ल्यूट, विहुएला. ऐंशी-पंच्याऐंशीचा मास्तर आणि जगभरातून आलेली विशी-पंचविशीची पोरं. त्या काळी फ्रँकोच्या राजवटीत कातालान भाषेला सरकारी व्यवहारात जागा नव्हती. म्हणून त्याच्या पुस्तकांवर ‘एमिलियो’ आहे आणि आज त्याच्या प्रांतात त्याला ‘एमिली’ म्हणतात.

15 नोव्हेंबर 1980 ला बार्सिलोनात तो गेला, 94 वर्षांचा होऊन.

मग त्या नखांच्या वादाचं काय झालं? गिटारमध्ये पुजॉल हरला, सरळ आहे. आज मैफलीत वाजवणारे जवळपास सगळे नखं ठेवतात. त्याच्या पुस्तकातली उजव्या हाताची ठेवण, मनगट वाकवून बोटं तारेला काटकोनात, तीही आजचे शिक्षक बदलून सांगतात, आणि बरोबर सांगतात. मनगटाला ताण पडतो. त्यामुळे जुन्या चित्रातला हात बघून मुलांनी तसाच धरू नये.

पण त्या उन्हाळी वर्गात अमेरिकेहून आलेला एक तरुण होता, हॉपकिन्सन स्मिथ. तो पुढे ल्यूट आणि विहुएलाकडे वळला, स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला स्थायिक झाला आणि तिथल्या जुन्या संगीताच्या प्रख्यात विद्यालयात त्याने पिढ्या घडवल्या. मिलान, नार्व्हाएस, मुदार्रा यांच्या त्याच्या ध्वनिमुद्रिका जरूर शोधा. आणि ल्यूट-विहुएलाच्या जगात आज बोटाच्या मांसानेच वाजवण्याची रीत आहे. तिथे नखंवालाच अपवाद. म्हणजे पुजॉलच्या कानातला तो आवाज गिटारवर टिकला नाही. त्याने चारशे वर्षांच्या झोपेतून उठवलेल्या वाद्यावर मात्र तो टिकला.

दुसरी शाखा आल्बेर्तो पोन्सेची. पोन्से हा माद्रिदचा, पुजॉलचा शिष्य. पॅरिसच्या एकोल नोर्मालमध्ये त्याने अनेक वर्षं शिकवलं. त्याचा शिष्य रोलाँ द्यांस. त्याचं ‘टँगो आँ स्काय’ तुमच्या मुलांपैकी कोणी ना कोणी ऐकलेलं असणार, कारण शेवटच्या ग्रेडपर्यंत पोचलेल्या प्रत्येकाला ते वाजवायचं असतं. तार्रेगा, पुजॉल, पोन्से, द्यांस. आपल्या भाषेत हे घराणंच झालं. आणि घराण्यात होतं तसंच इथेही झालं: चौथ्या पिढीचा आवाज पहिल्या पिढीसारखा अजिबात नाही. द्यांस नखांनीच वाजवायचा.

आता नेटबॉलवाल्या ताईंच्या लेकीसाठी. बाळ, सरांशी मोकळेपणाने बोल. नखं नसतील तर काही वेगळं शिकावं लागेल, ते सांगून टाकतो. तार बोटाच्या अगदी टोकाने, थोडी खोल पकडावी लागते. छेडल्यावर बोट पुढच्या तारेवर टेकवायचं, याला ‘आपोयांदो’ म्हणतात. तार्रेगाच्या शाळेत यालाच सगळ्यात मान होता. बोट टेकल्यामुळे मांसल आवाजालाही वजन येतं. वेग सुरुवातीला कमी पडेल आणि चार-सहा महिने आवाज बोथट वाटेल. बोटाची कातडी घट्ट होईपर्यंत ते चालायचंच. वाटल्यास आठवी ग्रेड झाल्यावर नखं वाढव, तेव्हा नेटबॉल सुटलेला असेल किंवा नसेल. सोरच्या सुरुवातीच्या अभ्यास-रचना तुझ्या पुस्तकात असतीलच. त्या लिहिणारा माणूस नखं ठेवत नव्हता, आणि त्याच आज नखांनी वाजवल्या जातात.

पालकांसाठी एकच विनंती. मुलं सराव करतात त्या खोलीत टीव्ही बंद ठेवा. हा आवाज लहान आहे, पहिला बळी त्याचाच जातो.

शेवटी ऐकू तार्रेगाची ‘लाग्रिमा’, म्हणजे अश्रू. एक-दोन वर्षं शिकलेल्या मुलालाही येईल अशी, पण सांभाळून वाजवायची. आज मुद्दाम आतड्याच्या तारांवर, नखांशिवाय वाजवलेलं ध्वनिमुद्रण लावतो आहे. आवाज थोडा वाढवा.

(संगीत)